गोडाला दोन गाठी

"ओय! नख काढा आधी!"

दुकानदार ओरडला तेव्हा एकाच कणसात दोन नखं रुतलेली होती. एक माझं... आणि दुसरं कुणाचं, ते मान वर करेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

क्लेटन रोडवरचं स्ताव्रोचं भाजीचं दुकान. १९७७चा फेब्रुवारी, डोकं उठवणारं ऊन आणि फुटपाथवर मांडलेल्या मक्याच्या पेट्या. मी पानं जराशी बाजूला सारून दाणा टोचून बघत होते. वसईच्या बाजारात आईने लावलेली खोड — टोचल्याशिवाय, मोडल्याशिवाय, हुंगल्याशिवाय भाजी पिशवीत जायची नाही. इथली माणसं कणीस उचलतात, टाकतात पिशवीत आणि चालू पडतात. माझ्याखेरीज या देशात दाण्याला नख लावणारं कुणी असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

"मी आधी धरलं होतं," तो म्हणाला. फार उंच नाही, फार देखणाही नाही. दाट मिशा, आणि झोप विसरल्यासारखे डोळे.

"मी आधी टोचलं होतं."

"मग काय निघालं? दूध की पाणी?"

"पाणी."

"पाणीच!" त्याने सुस्कारा सोडला. "इथे आल्यापासून टोचतोय. दर उन्हाळ्यात नुसतं पाणी."

"तुम्ही नवराबायकोंनी माझी अर्धी पेटी भोसकलीत," स्ताव्रो कमरेवर हात ठेवून म्हणाला. "आता अख्खी न्यायची. नो वरीज, मेट, मी प्रॅमपर्यंत आणून देतो."

"हा माझा—"

"ही माझी—"

आम्ही दोघं एकदम बोललो आणि एकदमच अडखळलो. त्यातल्या 'नाही'पर्यंत पोचायच्या आत स्ताव्रो पेटी घेऊन माझ्या लेकीच्या, आयरिनच्या प्रॅमपाशी उभा होता.

शेवटी प्रॅममध्ये मका बसला आणि माझी आयरिन त्या परक्या माणसाच्या खांद्यावर. ती रडली नाही. त्याचे केस घट्ट धरून राणीसारखी बसली. रस्त्यात एक म्हातारी बाळ बघायला प्रॅममध्ये वाकली आणि "ओ डिअर" म्हणून पटकन सरळ झाली.

"बापावर गेलंय," तो गंभीर चेहऱ्याने तिला म्हणाला.

मी हसले. रस्त्यात, मोठ्याने, तोंडावर हात न धरता. माझा नवरा ज्युलियन गेल्यानंतर पहिल्यांदाच, हे मला दोन पावलं पुढे गेल्यावर जाणवलं आणि माझं हसू तिथेच विझलं.

"खरा बाप कुठे असतो?" त्याने हळूच विचारलं.

"नाही तो. कालगुर्लीला खाणीत इंजिनीअर होता. पर्थहून गाडीने परत येत होता, रस्त्यात कांगारू आडवं आलं..." पुढचं वाक्य मी त्या वर्षात खूपदा उच्चारलं होतं, पण ते काही गुळगुळीत होत नव्हतं. "आता मी भावाच्या घरामागच्या बंगलोत राहते. मी बर्नाडेट."

"बेर्ना," त्याने स्वतःपुरतं नाव आखूड करून टाकलं. "मी एर्नान. चिलीचा."

"बायको?"

त्याने खांद्यावरचे आयरिनचे बूट नीट धरले.

"माहीत नाही," तो म्हणाला.

मला वाटलं, त्याला माझं इंग्रजी कळलं नाही.

*

बंगलो म्हणजे नावच मोठं. दादाच्या घरामागे परसात एक खोली, एक मोरी आणि गॅसच्या दोन शेगड्या. समोर जोसेफिन वहिनीची खिडकी. त्या खिडकीचा पडदा शनिवारी दुपारी हलला, कारण एर्नान ऑप शॉपमधून जुन्यात घेतलेलं हँडलचं कीमा मशीन काखोटीला मारून माझ्या दाराशी उभा होता.

"अर्धी पेटी माझी," तो म्हणाला. "पण शेगडी नाही. मी राहतो त्या घरात आठ पुरुष, आणि सगळे अंडीच तळतात."

आयरिन जेवून झोपली होती. ती उठेपर्यंतचा वेळ हाच माझा वेळ. एरवी मी त्यात कपडे इस्त्री करायची, नाहीतर भिंतीकडे बघत बसायची.

त्याने दाणे सुरीने उतरवले, मी मशीनचं हँडल फिरवलं. पिवळा लगदा घमेल्यात पडत गेला. त्याला करायच्या होत्या हुमिता. वाटलेल्या मक्यात परतलेला कांदा, मीठ, जराशी लाल मिरचीपूड, बेसिलची पानं. मग ते कणसाच्याच दोन पानांत गुंडाळायचं, पानाच्याच चिंधीने कमरेशी बांधायचं आणि उकळत्या पाण्यात सोडायचं. त्याची आई उन्हाळ्यात पातेली भरभरून करायची.

आमचं पातेलं उकळलं. झाकण काढलं तर आत पिवळं पाणी आणि वर तरंगणारी रिकामी पानं.

"बघितलंस?" तो पायरीवर जाऊन बसला. "आमचा मका पिठूळ असतो, त्याचं त्यालाच धरतं. हा नुसता गोड. हसतो आणि वितळतो." आणि थोड्या वेळाने, "बेसिल तरी जास्त घालून बघू... स्ताव्रोकडून आणतो."

तो गेला. घमेल्यात अर्धा लगदा उरला होता. मला राहवेना. आयरिनच्या खिरीचा रवा होता, तो दोन मुठी घातला. आणि मग माझे हात माझे राहिले नाहीत. हिरव्या पानात काही गुंडाळायचं म्हणजे पातोळ्याच, असं त्यांनी ठरवून टाकलं. ब्राऊन शुगर पडली, पाकिटातलं सुकं खोबरं पडलं, आईने डबीत बांधून दिलेल्या वेलच्या सोलल्या गेल्या. उकळत्या पाण्यात न सोडता मी त्या चाळणीत ठेवून वाफवल्या.

तो बेसिलची जुडी घेऊन दारात आला आणि तिथेच थांबला. खोलीभर वेलचीचा वास होता.

"काय केलंस?"

"धरलं," मी म्हणाले. अंगात शाळकरी पोरीसारखा तोरा. "बघ, एक थेंब सुटला नाही."

त्याने पान उलगडलं. बोटं भाजत होती तरी थांबला नाही. एक घास खाल्ला... मग चघळायचाच थांबला.

"गोड," तो म्हणाला.

"नको होतं?"

त्याने हातातली चिंधी माझ्यापुढे धरली. "गोडाला दोन गाठी मारतात, बेर्ना. वाफेत दिसत नाही ना. हाताला कळावं म्हणून. एक गाठ कांद्याची, दोन गाठी गोडाची. आमच्या घरची पद्धत."

"मग सांगायचंस की. पुढच्या वेळी दोन मारीन."

"मी गोड करत नाही."

"का पण?"

"ग्लॅडिसला आवडायच्या."

ग्लॅडिस. माझ्या मावशीचं नाव. आमच्या वसईत हाक मारली तर दोन घरांतून ओ येईल असं नाव. ही ग्लॅडिस त्याची बायको; तालका गावच्या शाळेत शिकवायची. साडेतीन वर्षांपूर्वी, त्यांच्याकडे लष्कराने सत्ता घेतली त्या सप्टेंबरात, गणवेशातली माणसं तिच्या वर्गात आली आणि तिला घेऊन गेली. तिची पर्स टेबलावरच राहिली. नंतर एर्नान ज्या ज्या दारात गेला, तिथे तिथे त्याला एकच उत्तर मिळालं — अशी कुणी बाई आमच्याकडे नव्हती. मग एक दिवस त्याच्याच मागावर माणसं आली, आणि तो सापडेल त्या देशात निघून आला.

"जिवंत आहे?" मी विचारलं.

"माहीत नाही."

या वेळी मला कळलं, की त्याला माझं इंग्रजी रस्त्यातही नीटच कळलं होतं.

*

तरी पुढच्या शनिवारी तो आला. आणि त्याच्या पुढच्याही. आम्ही बोलायचो ते इंग्रजीत. दोघांचंही उसनं, त्यामुळे चुका झाल्या तरी कुणाचंच नुकसान नव्हतं.

"तू मशीन मागे फिरवतेस."

"आणि तू मका सोलतोस की दाढी करतोस?"

"बेर्ना, तुझा नवरा तुझ्याशी भांडून जिंकायचा कधी?"

"कधीच नाही."

"शहाणा माणूस," तो म्हणायचा. ज्युलियनबद्दल असं कुणी बोलत नसे. सगळे त्याच्याबद्दल आवाज खाली घेऊन बोलायचे. एर्नान त्याच्याबद्दल असा बोले, जसा तो शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलाय.

कांद्याच्या त्याच्या, वेलचीच्या माझ्या. रवा दोघांचा. तो सगळं करायचा. पानं निवडायचा, चमच्याने सारण ठेवायचा, घडी घालायचा. पण गोडाची वेळ आली की चिंधी माझ्यापुढे सरकवायचा. दुसरी गाठ त्याच्या हातून बांधली गेली नाही. मीही कधी म्हटलं नाही. आयरिन उठली की डोळे चोळत यायची आणि "मिस्टर कॉर्न, दोन नॉट्सवालं!" म्हणून त्याच्या मांडीवर चढायची.

मक्याचा हंगाम संपला तरी शनिवार संपले नाहीत. पुन्हा उन्हाळा आला, मका आला. एका दुपारी भुरभुर पाऊस लागला. परसातल्या फिरत्या दोरीवरचे कपडे काढायला आम्ही दोघं धावलो आणि आयरिनच्या ओल्या फ्रॉकांच्या आड... उगाच उभे राहिलो. त्याच्या मिशांवर थेंब होते. त्याच्या बोटांत कणसाच्या पानाची एक चिंधी तशीच राहिली होती. त्याने ती माझ्या मनगटाभोवती घेतली — एक वेढा, दुसरा वेढा.

"एक की दोन?" मी विचारलं.

तो बघत राहिला. त्या नजरेत मी होते, अख्खी होते... आणि माझ्या मागे, जराशी डावीकडे, आणखी कुणीतरी होतं. त्याने वेढे उलगडले, चिंधी खिशात घातली.

"कपडे भिजतायत," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आली. खुर्चीत बसली नाही.

"बर्ना, तू तरुण आहेस, तुला कुणी नको म्हणणार नाही. पण त्याची बायको आहे गं."

"आहे कुठे, वहिनी?"

"नाही असं तरी कुणी म्हटलंय?"

मी फादरांकडे गेले. म्हातारे होते, प्रेमळ होते. माझं सगळं ऐकून घेतलं. "तिच्या मरणाचा कागद आण, पोरी," ते म्हणाले. "मी दुसऱ्या दिवशी लग्न लावीन. कागद नसेल तर मी तरी काय करू?"

घरी येताना मला हसू आलं. मी विधवा तरी होते. मला नाव होतं, चर्चमध्ये माझी जागा होती, लोकांना माझ्याशी कसं बोलायचं ते ठाऊक होतं. एर्नानला नावच नव्हतं. ना तो नवरा, ना विधुर.

*

आणि मग कागद मिळतो, असं कळलं.

तिसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. एर्नान आला तो मशीन न घेता. आयरिन झोपलेली होती. मी एकटीच सुरीने दाणे उतरवत होते.

"बहिणीचा फोन आला होता," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "सरकार म्हणतंय, ज्यांची माणसं सापडत नाहीत त्यांनी सही करावी, की ती मेली. सही केली की कागद देतात. मग प्रकरण मिटलं. मग शोधणं नाही, विचारणं नाही."

माझी सुरी थांबली.

"ग्लॅडिसची आई सही करत नाही. रोज त्या कचेरीच्या पायरीवर मुलीचा फोटो छातीशी धरून उभी राहते. सत्तरीची बाई. पण नवरा मी आहे, बेर्ना. माझी सही चालते."

"मग?"

"तू सांग." तो माझ्यासमोर बसला. टेबलावर मक्याचं पाणी सांडलेलं होतं, त्यात त्याचे दोन्ही हात पालथे. "तू कर म्हणालीस तर सोमवारी करतो. पुढच्या महिन्यात आपलं लग्न. आयरिन मला मिस्टर कॉर्न म्हणायची थांबेल. मला दुसरं काही नकोय. फक्त तू म्हण."

दोन वर्षं मी याच एका गोष्टीसाठी जीव टांगून बसले होते. ती आता टेबलाच्या पलीकडे हात पसरून बसली होती. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

पण मला कालगुर्लीचं हॉस्पिटल आठवलं. ज्युलियनच्या कपाळावर मी हात ठेवला होता. दगडासारखं गार. त्या गारव्याचा मला किती राग आला होता! आणि तरी तो गारवा माझा होता. त्यानेच मला सांगितलं की आता घरी जा, पोरीला दूध दे, जग. ग्लॅडिसचं कपाळ कुणाच्याच हाताला लागलं नव्हतं. तिच्या म्हाताऱ्या आईच्यासुद्धा.

"नको करूस," मी म्हणाले.

"बेर्ना..."

"त्यांनी तिला नेलं. आता ती मेली असं म्हणायचं काम तुझ्याकडून करून घेतायत. आणि तू ते माझ्यासाठी करणार? रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघशील आणि तुला ती पायरी दिसेल."

"नाही दिसणार."

"मला दिसेल ना!"

मी इतक्या जोरात बोलले की आयरिनने झोपेत कूस बदलली. तो रडला, आवाज न करता, मक्याच्या पाण्यातून हात न उचलता. मी उठून त्याचं डोकं पोटाशी धरलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या केसांना धुराचा आणि लाकडाच्या भुशाचा वास होता. असा वास मी रोज घेतला असता... रोज.

"मग आपण?" त्याने विचारलं.

पातेल्यात पाणी उकळून उकळून आटत होतं. मी जाऊन शेगडी बंद केली.

*

मार्च संपता संपता तो म्हणाला की तो जातोय. वर, क्वीन्सलँडला. अॅथर्टनच्या पठारावर एका सुताराकडे काम होतं.

"तिकडे जनावरांचा मका पिकतो म्हणे," तो उसनं हसत म्हणाला. "त्यात पीठ असतं. टोचलं तर दूध निघेल."

"मग माझ्या रव्याचं काय?"

"रवा..." तो हसायचा थांबला. "इथे राहिलो, बेर्ना, तर एखाद्या शनिवारी मी जाऊन सही करून टाकीन. माझा माझ्यावर भरवसा नाही. तुझ्यावर आहे, पण किती दिवस तूच धरून ठेवशील?"

खरं होतं. माझाही माझ्यावर नव्हता. मागच्या शनिवारी तो पायरी उतरून निघाला तेव्हा 'कर सही' हे शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते.

आम्ही शेवटच्या हुमिता केल्या. उशिराचा मका, दाणे जून झालेले. मी हँडल सरळ फिरवलं, त्याने चूक काढली नाही. मी दाढीची थट्टा केली नाही. कांद्याच्या बांधून झाल्या. वेलची कुटली. गोडाची वेळ आली तशी मी चिंधीसाठी हात पुढे केला.

त्याने चिंधी दिली नाही.

त्याने स्वतः पान घडी घातलं. लहान बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं. चिंधी भोवती फिरवली. एक गाठ मारली. मग त्याचे हात थांबले. आणि त्याने दुसरी मारली. दाताने टोक ओढून घट्ट केली.

"ही माझ्या हातची," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता ती चाळणीत ठेवली.

आयरिन उठायच्या आधी तो गेला. तिने केस धरले असते तर त्याला जाता आलं नसतं. मशीन टेबलाला तसंच लावलेलं राहिलं.

ती दोन गाठींची हुमिता मी खाल्ली नाही. फ्रीजमध्ये मागच्या बाजूला, दुधाच्या बाटलीआड ठेवून दिली. काय करणार होते तिचं, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालून आले तर आयरिन जमिनीवर फतकल मारून बसली होती. पान फाडलेलं, तोंडाला खोबरं.

"मम, इट्स यम! तुला?"

मी तिच्यावर ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. त्यात तिने उरलेला घास कोंबला. गार, घट्ट, गोड. मी तो चावत तिथेच फरशीवर बसले. ती माझे डोळे तिच्या चिकट हातांनी पुसत होती आणि विचारत होती, "टू हॉट, मम?"

"हो गं," मी म्हणाले. "फार गरम."

*

यंदा पुन्हा फेब्रुवारी आला. शनिवारी स्ताव्रोच्या दुकानाबाहेर पेट्या लागल्या. मी पानं बाजूला सारून दाण्याला नख लावलं. पाणी.

"ओय!" स्ताव्रो बाहेर आला, मला बघून हसला. "कितीदा सांगितलं, टोचायचं नाही. आणि मिस्टर कुठेय आज? पेटी कोण ढकलणार?"

माझ्या तोंडात तेच जुनं अर्धं वाक्य आलं. तो माझा नवरा— 'नाही' एवढंच जोडायचं होतं. तीन वर्षांपूर्वी राहून गेलेला शब्द. फादरांनी म्हटलेला, वहिनीने म्हटलेला, शेवटी मीच म्हटलेला.

पण सबंध जगात या एवढ्या फुटपाथवर आमचं लग्न लागलेलं होतं. मक्याच्या पेट्यांपाशी, एका ग्रीक भाजीवाल्याच्या साक्षीने. ते तरी मला मोडवेना.

"कामाला गेलाय," मी म्हणाले. "वर, क्वीन्सलँडला."

"लांब गेलाय, मेट! येणार कधी?"

आयरिन आता प्रॅममध्ये मावत नाही. ती पेटीशेजारी उभी राहून एका कणसाचे केस विंचरत होती. मी तिच्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "तू अख्खीच दे."